जागलीसाठी मोठा कुत्रा : आश्रमातून आणताना काय पाहावे?



गटाच्या बैठकीत बेणे, खत, पाणी यांच्या गोष्टी आटोपल्या की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, रानडुकरांनी वावरात धुमाकूळ घातला. जागलीला एखादा मोठा कुत्रा पाहा ना कुठं." पैनगंगेच्या काठावर आणि पूस धरणाच्या कालव्याखाली ज्यांचा ऊस आहे, त्यांना या प्रश्नाचे मूळ सांगायला नको. उसाला कांड्या धरल्या की डुक्कर आत शिरते. खाते थोडे आणि पाडते जास्त. पडलेल्या उसाला पुढे उंदीर लागतो, मुळ्या फुटतात आणि उतारा घसरतो. म्हणून ऊस विकास विभागाने कुत्र्यावर लिहिले तर नवल वाटू नये.

आमच्या पाहण्यात असे येते की, काही सभासद नागपूर-पुण्याहून जातिवंत पिल्लू हजारो रुपये मोजून आणतात. त्याच वेळी मोठमोठे, पूर्ण वाढलेले, लस टोचलेले कुत्रे प्राण्यांच्या आश्रमांत घराची वाट पाहत पडून असतात. ते फुकट मिळतात. मात्र फुकट मिळते म्हणून उचलून आणले, असे होऊ नये. कोणता आणावा, कसा आणावा आणि आणल्यावर काय करावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

हे कुत्रे तिथे येतात कोठून?

शहरात हौसेने पिल्लू घेतात. दोन महिन्यांचे असताना ते मांडीवर मावते. वर्षभरात ते तीस-चाळीस किलोचे होते. मग फ्लॅट लहान पडतो, शेजारी तक्रार करतात, मालकाची बदली होते, नाही तर घरात म्हातारे माणूस आजारी पडते. अशा वेळी लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन असले मोठे कुत्रे आश्रमाच्या दारात येतात. काही तर रात्रीतून फाटकाला बांधून सोडून देतात. म्हणजे हा कुत्रा वाईट म्हणून तिथे आला असे नव्हे. बहुधा माणसाचा हिशेब चुकला म्हणून आला.

आपल्या शेजारी वर्धा जिल्ह्यात पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम आहे. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. अशा ठिकाणी आधी फोन करून चौकशी करावी. दत्तक द्यायला कोणता कुत्रा आहे, त्याचे वय काय, स्वभाव कसा, हे विचारूनच गाडीभाडे खर्च करावे.

दत्तक शब्दाने घाबरू नका. वारस लावायचा नाही, की सातबाऱ्यावर नाव चढवायचे नाही. आश्रमवाले एक फॉर्म भरून घेतात. त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात : कुत्र्याला विकणार नाही, रस्त्यावर सोडणार नाही, आणि सांभाळणे जमले नाही तर आश्रमालाच परत आणून देईन. यातली तिसरी अट आपल्या फायद्याची आहे, कारण विकत घेतलेल्या पिल्लाला परत घेणारा कोणी नसतो.

रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्याविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले आहे की, प्राणिप्रेमी माणसाला नगरपालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, पण तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याचीच राहील. थोडक्यात, एकदा घेतला की तो आपला.

कुत्र्याकडून काम कोणते, आणि कोणते नाही

कुत्र्याचे खरे काम भुंकण्याचे. जागली झोपला तरी त्याचा कान जागा असतो. डुकरांचा कळप धुऱ्याशी आला की तो ओरडतो, माणूस उठतो, टॉर्च लावतो, डबा वाजवतो आणि कळप वळतो. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

डुकराशी झुंज हे कुत्र्याचे काम नाही. मोठ्या नराचे सुळे कुत्र्याचे पोट एका हिसक्यात फाडतात. शिवाय रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. कुत्रा लावून जनावर धरणे किंवा मारणे ही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. नुकसान झाले तर वनखात्याकडे ताबडतोब अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. तो आपला हक्क आहे.

आणि बिबट्या? इथे तर उलटेच आहे. नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) अकोले तालुक्यात, म्हणजे उसाच्याच मुलखात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. याचा अर्थ उघड आहे. वावरातल्या खोपटापुढे रात्री साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला हाकलत नाही, बोलावतो. आणि साखळी असल्यामुळे त्याला पळताही येत नाही. आपल्याकडे पैनगंगा अभयारण्याच्या कडेची गावे आहेत, तिकडे टिपेश्वरला वाघ आहेत. त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. रात्री कुत्रा जागल्याबरोबर बंद खोलीत किंवा चारही बाजूंनी आणि वरून जाळी मारलेल्या खोराड्यात ठेवावा. आतून भुंकला तरी त्याचे काम होते. पूर्वी मेंढपाळ मेंढरांच्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालीत, तो उगीच नव्हे.

मोठ्या परदेशी कुत्र्यांचे आपल्या जिल्ह्यात नाव झाले ते २०१८ साली. टी-१ म्हणजे अवनी वाघिणीच्या शोधात त्या वर्षी ऑक्टोबरात गोल्फपटू ज्योती रंधावा यांचे केन कोर्सो जातीचे कुत्रे पांढरकवडा भागात आणले गेले होते. तेव्हापासून "तसला कुत्रा पाहिजे" म्हणणारे आम्हाला भेटतात. नावात केन आहे म्हणून तो उसाचा कुत्रा नव्हे, बरं का! ती इटलीतली जात आहे. वाघीण शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारली गेली, कुत्र्यांनी नव्हे. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकाने २३ प्रकारचे कुत्रे हिंस्र ठरवून त्यांची विक्री व पैदास थांबवायला सांगितले, त्यात केन कोर्सो आणि रॉटवायलरही होते. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी रद्द केले. पण कायद्याचे काही असो, ज्या घरात ऊसतोड्यांची पोरे, पाहुणे आणि गडीमाणसे दिवसभर ये-जा करतात, तिथे असला कुत्रा शहाणपणाचा नाही.

निवड : आकार शेवटी पाहावा

बेणे घेताना आपण जाडजूड ऊस पाहून भुलत नाही. वय किती, मळा कोणाचा, रोग होता का, हे विचारतो. इथेही तसेच करावे.

पहिली गोष्ट हवामानाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सेंट बर्नार्ड, हस्की यांसारखे बर्फाळ मुलखातले केसाळ कुत्रे इथे आणणे म्हणजे त्यांना भट्टीत बसवणे होय. चपट्या नाकाच्या जातींनाही उन्हाळा सोसत नाही. आखूड केसांचा, लांब तोंडाचा, संकरित किंवा देशी अंगाचा कुत्रा चांगला टिकतो. लातूर, सोलापूर, सांगली भागातला कारवान कुत्रा किंवा त्याचा संकर मिळाला तर ऊन त्याला परके नाही. पण तो जातीचा धावणारा आहे, हे ध्यानात असू द्या. कुंपण नसेल तर तो हाती लागायचा नाही.

दुसरी गोष्ट वयाची. दोन ते पाच वर्षांचा कुत्रा उत्तम. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, वाढ झालेली असते, फसगत कमी होते. मोठ्या अंगाचे कुत्रे साधारण ८ ते १२ वर्षे जगतात, त्यातही फार अवजड जाती लवकर जातात. म्हणून सात-आठ वर्षांचा कुत्रा दयेपोटी अवश्य आणा, पण जागलीसाठी नको.

तिसरी गोष्ट स्वभावाची. आश्रमातल्या माणसाला हे सरळ विचारावे :

तो इथे का आला? किती दिवसांपासून आहे?
लहान मुलांत राहिला आहे का? त्यांच्याशी कसा वागतो?
गाय, बैल, शेळी, कोंबडी पाहून काय करतो?
खाताना कोणी जवळ गेले तर गुरगुरतो का?
कोणाला चावला आहे का? कशामुळे?
कंबरेचे हाड, कान, कातडी यांचे काही दुखणे आहे का?

मोठ्या कुत्र्यांत कंबरेच्या सांध्याचे दुखणे नेहमीचे. त्याला आपल्यासमोर चालवून, पळवून, बसवून-उठवून पाहावे. मागचे पाय सशासारखे जोडीने टाकत असेल किंवा उठताना कण्हत असेल तर डॉक्टरांचे मत घ्यावे.

एका भेटीत ठरवू नये. दुसऱ्या खेपेस घरातली बाई, मुले आणि सालदार यांना घेऊन जावे. आपण मालक असलो तरी दिवसभर कुत्र्याजवळ राहणारा सालदार असतो. सालदारच कुत्र्याला भीत असेल तर तो कुत्रा कामाचा नाही. आमच्या एका गटातल्या सभासदाने असेच केले. त्यांना काळाभोर दांडगा कुत्रा पसंत होता. सालदाराच्या बायकोने मात्र कोपऱ्यातली एक तपकिरी मादी दाखवली, कारण ती पोराच्या हातचे बिस्किट अलगद घेत होती. तीच आणली. आज ती वावर सांभाळते आणि पोरगेही सांभाळते.

मादी कामाला कमी, हा समज सोडून द्यावा. आश्रमातून बहुधा नसबंदी झालेलाच कुत्रा देतात. त्यामुळे राखणीत काही उणे येत नाही. उलट माजाच्या दिवसांत गाव पालथे घालणे, मारामाऱ्या, नको असलेली पिल्ले, हे सगळे टळते.

कधी आणावा आणि कसा रुळवावा

मृग बरसून गारवा आला की आणावा. जून-जुलै हा काळ चांगला. भर उन्हाळ्यात प्रवासच जिवावर बेततो. आणि तोडणी चालू असताना आणला तर बंड्या, ट्रॅक्टर, अनोळखी माणसे यांनी तो बिथरतो. दिवाळीच्या फटाक्यांत आणला तर पळूनच जातो.

प्राणी सांभाळणारे लोक एक ठोकताळा सांगतात : तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस कुत्रा भेदरलेला असतो. खात नाही, कोपरा धरतो. तीन आठवड्यांत त्याला घराची वेळ कळते. तीन महिन्यांत त्याला हे घर आपले वाटू लागते. लागणीनंतर उगवण होईपर्यंत आपण मोठी बांधणी करीत नाही, तशातलाच हा प्रकार. जुलैत आणलेला कुत्रा तीन महिन्यांनी, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या सुमारास तयार होतो.

पहिल्या दिवशीच वावरात नेऊन बांधू नये. तो घराजवळ ठेवावा. गोठ्यातल्या जनावरांची ओळख पट्टा हातात धरून, लांबून, रोज थोडी थोडी करून द्यावी. बैलाने लाथ मारली किंवा कुत्र्याने वासराच्या पायाला तोंड घातले तर पुढे कायमचे वैर राहते. धुऱ्यावरून रोज सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने फिरवावे. आपली हद्द त्याला अशीच कळते. मारून कुत्रा शिकत नाही, भितो. आणि भ्यालेला मोठा कुत्रा सर्वांत धोक्याचा असतो.

चोवीस तास बांधून ठेवणेही तितकेच वाईट. कुत्रा सतत साखळीला बांधून त्याला हिंडू-फिरू न देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पाळलेला कुत्रा वाऱ्यावर सोडणे हाही त्याच कलमात येतो.

खाणे आणि विषबाधा

पस्तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे पंधराशे-सोळाशे कॅलरी लागतात. म्हणजे घरात एक खाणारे तोंड वाढले असेच धरा. नुसती शिळी भाकर आणि ताक यावर तो जगेल, पण अंग धरणार नाही. भाकरीसोबत अंडी, मटणाचे तुकडे, दही, शिजवलेली डाळ असे काही रोज द्यावे. दोन वेळा विभागून द्यावे. भरल्या पोटी मोठ्या कुत्र्याला पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो. पोट नगाऱ्यासारखे फुगते, ओकारी येते पण पडत नाही, कुत्रा तळमळतो. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. काही तासांत जीव जातो. तडक डॉक्टर गाठावा.

कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला बाधतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चिरफळून आतड्यात घुसतात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवाल त्या आठवड्यात कुत्रा बांधून ठेवावा, मेलेले उंदीर पुरून टाकावेत. थिमेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी कोणाच्या कोठीत जुनी पिशवी पडून असेल तर ती कुत्र्याच्याच काय, पोराबाळांच्याही जिवावरची आहे. पावसाळ्यात गोचिडांचा बंदोबस्त ठेवावा, त्यांच्यापासून कुत्र्याला रक्ताचा ताप येतो.

पिसाळणे : इथे हयगय नको

आश्रमातून कुत्रा घेताना लसीचे कार्ड मागून घ्यावे आणि तारीख पाहावी. त्यानंतर दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस असो वा कुत्रा, वाचत नाही म्हटले तरी चालेल. आणि वेळेवर लस घेतली तर हा रोग पूर्ण टळतो. १८८५ साली पाश्चर यांनी चावलेल्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी आपण हळद, चुना, मिरची जखमेत भरतो, हे बरे नव्हे.

कोणताही कुत्रा चावला, ओरखडला, की जखम वाहत्या पाण्याने साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. काही बांधू नये, भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लसीचे सगळे डोस पुरे करावेत. दंडावर टोचली तर ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस, कातडीत टोचली तर ०, ३, ७ आणि २८ वा दिवस. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेत वेगळे इंजेक्शनही देतात. "आपलाच कुत्रा आहे, काही होत नाही" म्हणून घरी बसू नये.

तोडणीच्या दिवसांत

आता आमच्या खात्याची खास विनंती. वावरात मोठा कुत्रा मोकळा असेल तर टोळी फडात उतरायला भिते, आणि त्यात तिची चूक नाही. पोटासाठी घर सोडून आलेली ती माणसे. बाया कोयता घेऊन वाकलेल्या असतात, पोरे पाचटात खेळत असतात. वाकलेले माणूस आणि जमिनीवर बसलेले पोर कुत्र्याला ओळखीचे वाटत नाही. पोराला धरायला त्याला क्षणही लागत नाही, आणि मोठ्या कुत्र्याचा चावा पोराच्या तोंडा-मानेवर बसतो.

म्हणून तोडणीची चिठ्ठी हाती आली की स्लिपबॉयला सांगावे, "आमच्याकडे कुत्रा आहे." टोळी येण्याआधी कुत्रा वावरातून घरी न्यावा, शेवटची बंडी निघेपर्यंत परत आणू नये. मोजणीला आमचा माणूस येईल तेव्हाही असेच करावे. हे केवळ सौजन्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कैद-दंड बाजूला ठेवा. परमुलखातल्या मायबापांच्या लेकराला आपल्या वावरात असे काही झाले, तर ते भरून कसे द्यायचे?

दुसरे असे की, हंगाम संपल्यावर कोप्यांच्या जागी कुत्रे मागे राहिलेले दिसतात. कोणी आणलेले, कोणी खाऊ घातलेले. टोळी जाते, हे तिथेच राहतात, उपाशी हिंडतात, शेळ्यांवर पडतात. आपल्या शिवारात असे दिसले तर नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. विष घालू नये.

कोणी आणू नये

ज्यांचा सालदार दरवर्षी बदलतो आणि घर वावरापासून लांब आहे, ज्यांच्या घरी कुत्र्यावरून एकमत नाही, ज्यांना महिन्याचा खाण्याचा आणि वर्षाचा लसीचा खर्च जड वाटतो, त्यांनी मोठा कुत्रा आणू नये. त्यांच्यासाठी दोन शेजाऱ्यांनी मिळून जागली ठेवणे, धुऱ्यावर दिवे लावणे हे उपाय अधिक बरे. तारेत वीज मात्र कोणी सोडू नये. त्यात माणसेही मरतात.

उसाचा खोडवा आपण दोन-तीन वर्षे ठेवतो आणि मोडतो. कुत्रा मोडता येत नाही. तो एकदा घर गमावून आलेला असतो. दुसऱ्यांदा गमावण्याची पाळी आपल्यामुळे येऊ नये, एवढा विचार करून ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी आपल्या गटाच्या ऊस सहाय्यकाला सांगावे. आश्रमाशी बोलणे, लसीची तारीख, कुत्रा आणायचा महिना यांविषयी आमचा विभाग शक्य ती मदत करील. पोळ्यापूर्वी विचार ठरवला तरी चालेल. नाही ठरला तर पुढल्या मृगापर्यंत थांबा. घाई उसातही नडते, इथेही नडते.

— ऊस विकास अधिकारी